पाचवीतला मुलगा तोंडी हुशार पण वाचन-लेखनात मागे : एलडी (अध्ययन अक्षमता) की एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता)?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगा पाचवीत, सेमी इंग्लिश, तोंडी विचारलं की सगळं येतं, पेपर मात्र अर्धा कोरा, बाई म्हणतात "लक्ष नसतं, एडीएचडी असेल, गोळ्या चालू करा", सासरचे म्हणतात आळशी आहे, आणि तुम्हाला भीती की अध्ययन अक्षमतेचं सर्टिफिकेट काढलं तर कायमचा शिक्का बसेल. मी विशेष शिक्षिका आहे, आधी पालिकेच्या शाळांत आणि आता घरी उपचारात्मक वर्ग घेते, त्यामुळे असे घरातले बरेच वाद ऐकलेत. थोडं लांबेल, पण सगळं लिहिते.

पहिलं म्हणजे "लक्ष नसतं" हे निदान नाही, ते नुसतं वर्णन झालं. लक्ष कुठे नसतं ते बघायचं. या आठवड्यात परिसर अभ्यासाचा एक न शिकवलेला धडा तुम्ही त्याला वाचून दाखवा, तो फक्त ऐकेल, मग तोंडी प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी तेवढाच दुसरा धडा त्याला स्वतःला वाचू द्या आणि तसेच प्रश्न विचारा. ऐकताना नीट बसला, उत्तरं आली, आणि वाचायला घेतल्यावर पाच मिनिटांत पाणी प्यायचंय, पेन्सिल मोडली, पोट दुखतंय सुरू झालं, तर आधी संशय वाचनावर घ्या. कारण अक्षरं जुळवण्यातच सगळी ताकद गेली की अर्थ लावायला काही उरत नाही, नवीन ड्रायव्हर गिअरकडे बघत बघत गाडी चालवतो ना, तसं होतं, आणि मग मूल तिथून पळ काढतं. त्यालाच शाळेत लक्ष नाही म्हणतात.

उलट ऐकतानाही भरकटत असेल, क्रिकेट खेळताना आपली बॅटिंग कधी ते विसरत असेल, डबा-स्वेटर रोज शाळेत राहत असेल, रांगेत थांबणं जमत नसेल, दोन सूचना एकदम दिल्या की दुसरी हवेत, तर मग एडीएचडीचा विचार करायचा. तिथेही डॉक्टर उगाच लेबल लावत नाहीत. लक्षणं किमान सहा महिने हवीत, बारा वर्षांच्या आधीपासून हवीत आणि एकाच जागी नाही तर घर, शाळा, क्लास अशा दोन तरी ठिकाणी दिसायला हवीत. फक्त एका बाईंच्या तासाला होत असेल तर ती वेगळी भानगड. आणि हो, एडीएचडी म्हणजे वर्गभर उड्या मारणारा मुलगा एवढंच नसतं, खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगीही त्यात असते आणि तिच्याकडे बरेचदा कुणाचं लक्षच जात नाही. बऱ्याच मुलांत एलडी आणि एडीएचडी दोन्ही एकत्र असतं, त्यामुळे "हे की ते" असं ठरवायची घाई करू नका.

आता वह्या काढून बसा. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, यात अक्षरं उलटी दिसतात असं लोकांना वाटतं, तसं नाहीये, डोळ्यांचा तो दोष नाही. आवाज आणि अक्षर यांची सांगड मेंदूत पटकन बसत नाही ही मूळ अडचण, म्हणून रंगीत चष्मे आणि डोळ्यांच्या व्यायामावर पैसे घालू नका. मराठीत या मुलांचं कुठे अडतं तर जोडाक्षरं, रफार, अनुस्वार गाळणं, आणि पहिली वेलांटी, कारण ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. ध-घ, भ-म ची गल्लत पहिलीत सगळेच करतात, पाचवीत चालू असेल तर नोंद घ्या. मराठीत अक्षर आणि उच्चार बऱ्यापैकी जुळतात म्हणून हुशार मूल रेटून नेतं, चुका कमी दिसतात पण वेग फार कमी असतो, आणि इंग्रजीत मात्र साफ आपटतं. म्हणून "मराठी वाचता येतं म्हणजे एलडी नाही" हे कुणी सांगितलं तर ऐकू नका, आणि "इंग्रजी काढून टाका, बरा होईल" हेही नको.

गणितातही एक बघा. पंचेचाळीस ऐकून ५४ लिहितो का? आपल्याकडे बोलताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" आणलं तेव्हा केवढी चेष्टा झाली, पण माझ्या वर्गातल्या मुलांना त्याने खरंच सोपं जातं, असो. फक्त एवढ्यावरून डिसकॅल्क्युलिया (गणितातली अध्ययन अक्षमता) ठरत नाही, लहान-मोठी संख्या कळते का, हातचा का घ्यायचा हे समजतं का, तेही बघावं लागतं.

तपासणीचा क्रम असा. आधी कान आणि डोळे, हे लोक हमखास सोडतात. मग बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ, मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे बुद्ध्यंकाची चाचणी, आणि विशेष शिक्षकाकडे वाचन-लेखन-गणिताची चाचणी, शक्यतो तो ज्या भाषांत शिकतो त्या सगळ्या भाषांत. आठ वर्षांआधी एलडीचं पक्कं निदान करत नाहीत, तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढे आहे म्हणजे आता थांबायचं कारण नाही. एडीएचडी असेल तर बुद्ध्यंक थोडा खाली येऊ शकतो, मूल चाचणीतही भरकटतं म्हणून, तेव्हा नुसता एक आकडा बघून रडत बसू नका, अहवालातले वेगवेगळे भाग समजावून मागा.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर खाजगी अहवाल शिकवण्यासाठी उपयोगी, पण बोर्डाच्या सवलतींसाठी अधिकृत सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचंच लागतं, मुंबईत सायन, नायर वगैरे. नंबर लागायला वेळ जातो, नववीत पळापळ करणारे पालक दरवर्षी बघते, म्हणून नाव आत्ताच घाला. महाराष्ट्रात दहावी-बारावीला या सवलती बऱ्याच वर्षांपासून आहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी त्या यादीत स्वतंत्र नाही, म्हणून दोन्ही असतील तर दोन्ही कागदावर यायला हवं. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, हे जरूर घ्या. गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घ्यायची सवलत मात्र मी पटकन घेऊ देत नाही, त्याने पुढे सायन्सचा रस्ता बंद होतो आणि ते अकरावीच्या ॲडमिशनला कळतं. आणि शिक्का म्हणाल तर "ढ" हा शिक्का त्याच्यावर वर्गात आधीच बसलाय, हा कागद निदान काहीतरी मिळवून तरी देतो.

गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगते. वाचनाच्या अडचणीवर गोळी नाही. कुठलीच नाही, सिरपही नाही. एडीएचडीवर मिथाइलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटिन डॉक्टर देतात आणि योग्य मुलाला चांगला फरक पडतो, भूक आणि झोप कमी होऊ शकते म्हणून वजन बघत राहतात. द्यायची का हे डॉक्टर आणि तुम्ही ठरवायचं, वर्गशिक्षिकेने नाही. आणि गोळीने मूल बसायला लागलं तरी वाचन शिकवावंच लागतं.

ते शिकवणं म्हणजे ट्यूशन नव्हे. ट्यूशनवाले तोच धडा तिसऱ्यांदा घेतात. रेमेडियलमध्ये, म्हणजे उपचारात्मक वर्गात, धडा बाजूला ठेवून आवाज, अक्षर, मात्रा, जोडाक्षर असं खालून वर बांधत जातात, बघून, बोलून, वाळूत गिरवून, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि महिन्यांत नाही तर वर्षांत मोजायचं. यासाठी सर्टिफिकेटची वाट बघायची गरज नाही, उद्यापासून सुरू करता येतं. घरी दहा-दहा वेळा शब्द लिहून घेणं बंद करा, चुकीचाच शब्द दहा वेळा पक्का होतो. धडे तुम्ही वाचा, उत्तरं तोंडी घ्या, एका वेळी एकच सूचना द्या, अभ्यास पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करून घ्या.

बाईंशी भांडू नका, साठ मुलांचा वर्ग सांभाळणं काय असतं ते मला माहितीये. पण मुख्याध्यापकांना एक लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या : पुढच्या बाकावर बसवावं, वर्गात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नये, फळ्यावरचं उतरवायला वेळ किंवा झेरॉक्स द्यावी, तोंडी परीक्षा घ्यावी. २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये एलडी लवकर ओळखून उपाय करण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे, त्या कलमाचा उल्लेख अर्जात करा, शाळांचा सूर बदलतो.

तो धडा वाचून दाखवायचा प्रयोग केलात की काय झालं ते इथे लिहा, आणि मराठी-इंग्रजी वहीचं एकेक पान, नाव झाकून टाका, तपासणीला जाताना काय विचारायचं ते त्यावरून सांगते.