प्रश्न मनगटाचा, घोळ प्रपोजल फॉर्मचा

कराडच्या एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

"मी शिवणकाम करते, वय ४९. महिन्याला सरासरी २२ हजार सुटतात. उजव्या हाताला रात्री मुंग्या येतात, कात्री धरवत नाही. एनसीएस तपासणीत (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते पाहणारी चाचणी) मनगटातली नस मध्यम दबली आहे असं आलं. डावा खांदा सात महिने आखडला आहे, हात पाठीमागे जात नाही. सांगलीला एका हँड सर्जनांचा स्वतःचा छोटा दवाखाना आहे. त्यांनी मनगटाची शस्त्रक्रिया सगळं मिळून २६ हजारांत सांगितली आणि खांद्याला इंजेक्शन व व्यायाम. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलने मनगटाचे ८५ हजार आणि खांद्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे १ लाख ९० हजार सांगितले, पण तिथे कॅशलेस आहे, म्हणजे बिल थेट विमा कंपनी भरते. आमची दोघांची मिळून ५ लाखांची फ्लोटर आरोग्य पॉलिसी सव्वादोन वर्षांपूर्वीची, हप्ता २४ हजार (पानाचा फोटो जोडला आहे). एजंट म्हणतात, सांगलीचा दवाखाना विमा कंपनीच्या यादीत नाही, तिथे काही मिळणार नाही. पुण्याला दोन्ही एकदमच उरकून घ्या. मला सात वर्षांपासून शुगर आहे, पण पॉलिसी घेताना प्रपोजल फॉर्म (विम्याचा अर्ज) भरताना एजंटनी ते लिहू नका म्हणून सांगितलं होतं. हल्लीची एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.२ आहे. मिस्टर ५४ वर्षांचे, पतसंस्थेत नोकरीला; त्यांना गेल्या वर्षी बीपी निघालं. त्याच एजंटकडे वर्षाला ४८ हजारांची बचत पॉलिसी चार वर्षांपासून चालू आहे. पाऊण-पाऊण लाखाच्या दोन एफडी आहेत. सांगलीला जायचं तर एक मोडावी लागेल. मोडू का?"

ताई, मोडा. पाऊण लाखाची एफडी मुदतीआधी मोडली तर एक टक्का दंड धरून पाचसातशे रुपयांचं नुकसान होईल. त्यासाठी एवढं पत्र लिहायची गरज नव्हती. पण लिहिलंत ते बरं झालं, कारण "लिहू नका म्हणून सांगितलं होतं" हे जे तुम्ही ओघात लिहून गेलात, त्या एका वाक्यात तुमचं मोठं नुकसान लपलेलं आहे.

पुण्याला कॅशलेसचा अर्ज भरताना काय होतं ते समजून घ्या. पूर्वपरवानगीच्या फॉर्ममध्ये डॉक्टरांना रुग्णाचे जुने आजार आणि ते कधीपासून आहेत हे लिहावं लागतं. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचे वेगळे रकानेच असतात. तुमच्या केसपेपरवर "मधुमेह, ७ वर्षे" असं येणार, कारण तुम्ही डॉक्टरांना खरं सांगाल आणि सांगायलाच हवं. पॉलिसी सव्वादोन वर्षांची, आजार सात वर्षांचा. विमा कंपनीच्या माणसाला हे जुळवायला पाच मिनिटं लागतील. त्यात तुमची दोन्ही दुखणी मधुमेहाच्या घरची आहेत. मनगटात नस दबणं, खांदा आखडणं, बोट अडकून खटकन सुटणं, हे सगळं मधुमेह असलेल्यांमध्ये इतरांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. त्यामुळे "या आजाराचा त्याच्याशी संबंध नाही" असं म्हणायची सोयही तुम्हाला उरत नाही.

म्हणजे दावा नाकारला जाईलच. त्याहून वाईट म्हणजे माहिती लपवल्याच्या कारणावरून पॉलिसीच रद्द होऊ शकते, आणि तीत तुमचे मिस्टरही आहेत. चार वर्षांनी ते निवृत्त होतील. ५८ व्या वर्षी बीपी असताना, "आधीची पॉलिसी रद्द झाली होती का?" या प्रश्नाला "हो" लिहून नवी पॉलिसी मागणं किती अवघड असतं ते एजंटने तुम्हाला सांगितलेलं नाही. २ लाख ७५ हजारांच्या "फुकट" उपचारासाठी तुम्ही दोघांचं पुढच्या वीस वर्षांचं छत्र पणाला लावताय.

"पाच वर्षांनी कोणी विचारत नाही" हे वाक्य एजंट लोक सर्रास वापरतात, म्हणून त्याबद्दलही सांगते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, हा नियम खरा आहे. २०२४ पर्यंत ही मुदत आठ वर्षांची होती. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. गोळ्या चालू असताना प्रश्नापुढे "नाही" लिहून सही करणं हे विसरणं नव्हे. शिवाय तुमचे २७ महिने झालेत, ३३ बाकी आहेत. तेवढे दिवस आजारी पडायचंच नाही असं कोणी ठरवू शकत नाही.

आणखी एक सल्ला तुम्हाला मिळेल, कदाचित मिळालाही असेल: डॉक्टरांकडून "मधुमेहाचं निदान अलीकडचं" असं लिहून आणा. हे अजिबात करू नका. तुमच्या जुन्या रिपोर्टांवर तारखा आहेत, औषधाच्या दुकानाच्या बिलांवर आहेत. एका चुकीची त्यात उघड फसवणूक होईल आणि सांगलीच्या चांगल्या डॉक्टरांनाही तुम्ही त्यात ओढाल.

आता करायचं काय? या आठवड्यात विमा कंपनीला स्वतः ईमेल करा. एजंटमार्फत नको, पॉलिसीवर छापलेल्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर. त्यात पॉलिसी क्रमांक, मधुमेहाचं निदान कोणत्या महिन्यात झालं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, ताजी एचबीए१सी आणि "प्रपोजल फॉर्ममध्ये ही माहिती दिलेली नव्हती, ती नोंदवून पॉलिसीत आवश्यक बदल करावा" एवढंच लिहा. पहिल्या निदानाचा कागद जोडा. एजंटवरचा राग या ईमेलमध्ये काढू नका, त्याची तक्रार वेगळी करा. पोच आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. पॉलिसीसोबत प्रपोजल फॉर्मची प्रत आलेली असते, ती काढून वाचा. एजंटने आणखी कुठे "नाही" ठोकून दिलं आहे का ते तिथेच कळेल.

कंपनी तीनपैकी एक करेल. हप्ता वाढवेल, मधुमेहासाठी प्रतीक्षाकाळ लावेल (तेवढा काळ त्या आजाराचे दावे मिळत नाहीत; आधीच्या आजारांसाठी तो आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो), किंवा पॉलिसी रद्द करेल. समजा हप्ता ३० टक्क्यांनी वाढला, तर २४ हजारांचे ३१ हजार होतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. पूर्वी याच २४ हजारांवर सव्वाचार हजार कर पडायचा. म्हणजे वाढीव बोजातला निम्म्याहून जास्त भाग करातच वाचलेला आहे. रद्द होण्याची शक्यता आहे, ती मी लपवत नाही. पण आज स्वतःहून कळवून रद्द होणं आणि उद्या तीन लाखांच्या बिलासकट हॉस्पिटलच्या काउंटरवर रद्द होणं, यात तुम्हाला कोणतं परवडेल? तसं झालंच तर मधुमेह उघड सांगून मिळणाऱ्या पॉलिसी बाजारात आहेत. महाग आहेत, पण दावा देतात. शिधापत्रिका असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ते फक्त यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्या हॉस्पिटलांत मिळतं, एवढं लक्षात ठेवा.

मिस्टरांचं बीपी पॉलिसीनंतर निघालं, ते लपवलेलं नाही. त्याची भीती नको. मात्र पुढे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायची ठरवलीत तर नव्या फॉर्ममध्ये ते लिहावंच लागेल, आणि अर्ज नूतनीकरणाच्या ६० ते ४५ दिवस आधी जायला हवा.

आता हाताकडे येऊ. तुमचं पोट या उजव्या हातावर आहे, म्हणून मनगटात चालढकल नको. नस खूप दिवस दबून राहिली की अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागतो, चिमटीतली ताकद जाते, आणि ती नंतर शस्त्रक्रियेनेही पूर्ण परत येत नाही. सुई ओवणाऱ्या माणसाला ते परवडणार नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलेली शस्त्रक्रिया जागेवर भूल देऊन होते. तळहाताच्या बुडाशी दोन-तीन सेंटीमीटरचा छेद, पंधरा-वीस मिनिटं काम, त्याच दिवशी घरी. पुण्यातले वरचे ५९ हजार बहुतेक खोली, पूर्ण भूल आणि इमारतीचे आहेत. त्याने नस जास्त मोकळी होत नाही.

पण सांगलीच्या दरपत्रकावरही "सगळं मिळून" एवढ्यावर समाधान मानू नका. सर्जन, थिएटर, औषधं व साहित्य, ड्रेसिंग, १० ते १४ दिवसांनी टाके काढणं आणि त्यानंतरच्या दोन भेटी, असे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. जागेवरची भूल पुरली नाही तर काय आणि त्याचे किती, रुग्णाला हलवायची वेळ आली तर कुठे, हाताचे व्यायाम कोण शिकवणार, हेही विचारा. डॉक्टर अस्थिरोग किंवा प्लास्टिक सर्जरीतले असून त्यांनी हाताचं वेगळं प्रशिक्षण घेतलं आहे का आणि महिन्याला अशा किती शस्त्रक्रिया करतात, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. ती भिंतीवर आहे का बघा.

"यादीत नाही म्हणजे काही मिळणार नाही" हेही चूक आहे. यादीबाहेर कॅशलेस मिळण्याची खात्री नसते, पण बिल भरून नंतर परतावा मागता येतो. दवाखाना पॉलिसीतल्या व्याख्येत बसला पाहिजे: हॉस्पिटल म्हणून नोंदणी, किंवा दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास परिचारिका व डॉक्टर, स्वतःचं थिएटर. डे-केअर केंद्राला, म्हणजे शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या ठिकाणाला, खाटांची अट नसते. बहुतेक दावे अडतात ते दुसऱ्याच कारणावर: शस्त्रक्रिया थिएटरऐवजी तपासणीच्या खोलीत झाली आणि बिल ओपीडीचं निघालं. यापुढे कधी वेळ आली तर बिलावर नोंदणी क्रमांक आणि डिस्चार्ज कार्डावर डे-केअर असा उल्लेख करून घ्या. या खेपेला मात्र दावा करू नका. पैसे स्वतः भरलेत म्हणून लपवलेली माहिती उघड करायची गरज संपत नाही, हेही तितकंच खरं.

खांद्याबाबत माझं मत स्पष्ट आहे: सात महिन्यांत दुर्बीण नको. आखडलेला खांदा आधी दुखतो, मग घट्ट होतो, मग हळूहळू सुटतो. या सगळ्याला एक ते तीन वर्षं लागतात आणि मधुमेहात जरा जास्तच. सांध्यात इंजेक्शन आणि नेटाने व्यायाम यावर बहुतेकांचं भागतं. इंजेक्शन साडेतीन हजार धरा, फिजिओथेरपीच्या २० खेपा प्रत्येकी ३५० म्हणजे सात हजार. साडेदहा हजारांचं काम १ लाख ९० हजारांना विकलं जातंय. कॅशलेस पूर्ण मिळालं असतं तरी तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला १ टक्क्याची, म्हणजे रोज ५ हजारांची मर्यादा आहे. ८ हजारांची खोली घेतली की सर्जन, थिएटर, नर्सिंग हे सगळंच पाच-अष्टमांश प्रमाणात मिळतं. या खर्चाचे सव्वा लाख धरले तर ४५ हजारांहून जास्त तुमच्याच खिशातून.

आणि दोन्ही एकदम तर मुळीच नको. उजवा हात पट्टीत आणि डावा खांदा शस्त्रक्रियेतून उठलेला, अशा अवस्थेत वेणी कोण घालणार, जेवण कोण भरवणार? आधी खांद्याच्या व्यायामाला लागा आणि रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधा, चार-पाचशेला मिळते. त्याच काळात फिजिशियनकडे जाऊन साखर खाली आणा. ९.२ वर पुढची तारीख मिळाली तर रागावू नका. आठच्या आत आली की जखम भरायला आणि जंतुसंसर्ग टाळायला मदत होते. खांद्याच्या इंजेक्शननेही काही दिवस साखर वाढते. त्या आठवड्यात घरी रोज मोजा आणि मनगटाची तारीख लगेच लावू नका. दोन-तीन महिन्यांत मनगट मोकळं करून घ्या. अंगठ्याच्या बुडाशी खळगा दिसू लागला तर लग्नसराईची ऑर्डर असली तरी थांबू नका.

खर्चाचा हिशोब असा: मनगट २६, खांदा साडेदहा, मिळून साधारण ३७ हजार. हलकी कामं लगेच जमतील, पण कात्री आणि मशीन तीन-चार आठवडे बंद, म्हणजे २२ हजारांची कमाई बुडाली. जाड कापड आणि जोराची पकड दीड-दोन महिने नको. तळहात त्यानंतरही काही आठवडे ठणकतो. एकूण ६० हजार. एक एफडी मोडली की भागलं, दुसरी शिल्लक राहते.

बचत पॉलिसीबद्दल विचारलं नाहीत, पण १६ वर्षांत पावणेआठ लाख भरून साडेअकरा लाख मिळणार असतील तर तो साडेचार टक्क्यांच्या आसपासचा व्याजदर झाला. तुमची एफडी त्याहून जास्त देते. कंपनीकडून पेड-अप मूल्य (हप्ते थांबवून पॉलिसी ठेवली तर मुदतीअखेर मिळणारी रक्कम) आणि सरेंडर मूल्य (आत्ताच मोडली तर मिळणारी रक्कम) लेखी मागवा. बहुधा हप्ते थांबवून पेड-अप करणं बरं पडेल, आणि मोकळे झालेले ४८ हजार वाढीव आरोग्य हप्ता आणि औषधपाण्याचा फंड यांत वाटता येतील. या एजंटने मिस्टरांच्या ग्रॅच्युइटीसाठी नवी "गॅरंटीड" योजना आणली तर सही करू नका. त्याची तक्रार आधी कंपनीकडे करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात जाता येतं, फी नाही. मात्र फॉर्मवर सही तुमची आहे, त्यामुळे तिथे सगळा दोष एजंटवर जाईल अशी आशा धरू नका.

पुण्याला कॅशलेसचा अर्ज गेला असेल तर तो आजच लेखी मागे घ्या आणि मागे घेतल्याची पोच विमा कंपनीकडूनही मागा. हॉस्पिटलच्या तोंडी "हो, रद्द केला"वर थांबू नका.