आठ वर्षं फ्रेंचमधून शिकलेल्या मुलांचं कौतुक कसं करावं?

प्रश्न : आम्ही कॅनडात, मिसिसागाला राहतो. मुलगा पहिलीपासून फ्रेंच इमर्शनमध्ये आहे, म्हणजे निम्मं शिक्षण फ्रेंचमधून. या जूनमध्ये त्याची आठवी संपेल. शाळेच्या पालक समितीने या मुलांच्या सत्काराचं काम माझ्यावर सोपवलंय. काही पालक म्हणतात, फ्रेंचमध्ये पहिल्या तिघांना ट्रॉफी द्या. काहींना वाटतं, सगळ्यांना छापील प्रमाणपत्र दिलं की झालं. पैसे बेताचेच आहेत. आम्हा नवराबायकोला फ्रेंच येत नाही, त्यामुळे मी काय सुचवणार? त्यात मुलगा म्हणतोय, नववीत फ्रेंच सोडणार.
– एक आई, मिसिसागा

उत्तर : ट्रॉफी नको, हे आधीच सांगते. मी तुमच्याच प्रांतात, ओंटारियोत, इमर्शनच्या सातवी-आठवीला शिकवत निवृत्त झाले. पहिले तीन कोण, हे वर्गात सगळ्यांना दिवाळीच्या सुमारासच कळलेलं असतं आणि त्यांचं कौतुक गुणपत्रिका करतेच. इथे कौतुक करायचंय ते टिकून राहिल्याचं, आणि टिकलेत तर सगळेच.

प्रमाणपत्र जरूर द्या, पण नुसतं ‘अभिनंदन’ छापलेलं नको. ओंटारियोच्या नियमानुसार इमर्शनच्या मुलांचं आठवीअखेर किमान ३८०० तासांचं शिक्षण फ्रेंचमधून झालेलं असावं लागतं. हा आकडा कागदावर येऊ द्या. कोणत्या वर्षी कोणते विषय फ्रेंचमधून शिकला तेही लिहा आणि खाली मुख्याध्यापकांची सही घ्या. घर बदललं, शाळा बदलली, तर असा कागद पुढे दाखवता येतो. यासाठी फारसा खर्च नाही, फक्त ऑफिसमधून माहिती वेळेत काढून घ्यावी लागते. मे महिना उजाडण्याआधी मागा.

आता समारंभ. त्यात मुलांना फ्रेंच बोलू द्या. आठवीच्या समारंभात सगळी भाषणं इंग्रजीत होतात आणि ज्या भाषेसाठी जमलो तीच ऐकू येत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय आणि मला ते फार लागायचं. माझ्या वर्गात एक मुलगी होती. लेखी फ्रेंचमध्ये कायम काठावर, क्रियापदांची रूपं शेवटपर्यंत चुकायची. पण पहिलीच्या मुलांना पाण्याचं चक्र समजावून सांगायला मी तिलाच पाठवत असे. अडलं की ती दुसरा शब्द शोधायची, हातवारे करायची, चिमुरड्यांच्या दहा प्रश्नांना न कंटाळता उत्तरं द्यायची. ट्रॉफीच्या यादीत तिचं नाव कधीच आलं नसतं. म्हणून सुचवते : पहिलीच्या मुलांना पुढच्या रांगेत बसवा आणि आठवीच्या प्रत्येक मुलाला मिनिटभर त्यांच्याशी फ्रेंचमध्ये बोलायला सांगा. विषय त्याच्या आवडीचा. मग त्याने आपल्या आईवडिलांकडे वळून तेच घरच्या भाषेत सांगावं. मिसिसागात कुणी पंजाबीत सांगेल, कुणी उर्दूत, कुणी तमिळमध्ये, तुमचा मराठीत. तुम्हाला फ्रेंच येत नाही याची खंत त्या दिवशी तरी राहणार नाही.

फ्रेंच येत नसताना मत कसं द्यायचं, असं तुम्ही विचारता. हा सगळा प्रकार सुरूच झाला तो तुमच्यासारख्या पालकांमुळे. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये इंग्रजीभाषक आईवडिलांनी शाळा मंडळाचा पिच्छा पुरवला, तेव्हा बालवाडीचा एक प्रायोगिक वर्ग निघाला. आपल्या मुलांना आजूबाजूच्या फ्रेंच माणसांशी नीट बोलता यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. मुलांचं इंग्रजी मागे पडेल या भीतीपायी मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्ट यांनी ती मुलं अनेक वर्षं तपासली. इंग्रजी मागे पडलं नाही.

मुलाच्या नववीबद्दल. आठवीचा सत्कार इतका थाटात करू नका की मुलांना सगळं संपलं असं वाटेल. ओंटारियोत इमर्शनचं खरं प्रमाणपत्र बारावीला मिळतं. त्यासाठी हायस्कूलमध्ये फ्रेंचचे चार आणि फ्रेंचमधून शिकवलेल्या इतर विषयांचे सहा, असे दहा क्रेडिट (साधारणपणे एक कोर्स पुरा केला की एक क्रेडिट) लागतात. बरीच मुलं इथेच गळतात. कुणाला वेळापत्रक जमत नाही, कुणाला फ्रेंचमधून गणित घेतलं तर टक्के कमी होतील आणि विद्यापीठात प्रवेश हुकेल अशी धास्ती असते. ही धास्ती खोटी म्हणून उडवून लावू नका. त्याच्याशी बसून बोला, कुठला विषय कठीण वाटतो ते विचारा.

आणि जवळच्या हायस्कूलमधल्या बारावीच्या दोन-तीन मुलांना समारंभाला बोलवा. शक्यतो डेल्फ दिलेली हवीत. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची ही परीक्षा ओंटारियोतली बरीच शाळा मंडळं बारावीच्या मुलांना देऊ करतात. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी २५ गुणांचं, उत्तीर्ण व्हायला शंभरात ५०, आणि मिळालेला दाखला आयुष्यभर चालतो. तुमच्या मुलाला हे आईकडून ऐकण्यापेक्षा सतरा वर्षांच्या मुलाकडून ऐकलेलं पटेल.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी जाता जाता : तिथे हायस्कूलच्या डिप्लोमावरच द्विभाषिकतेची मोहोर (सील ऑफ बायलिटरसी) मिळते. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने हा कायदा सर्वांत आधी केला. त्यासाठी चालणाऱ्या चाचण्यांमध्ये मराठीचीही आहे. रविवारच्या मराठी शाळेत वर्षानुवर्षं जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी आपल्या हायस्कूलच्या समुपदेशकांना याबद्दल अवश्य विचारावं.

उरलेल्या पैशांत प्रत्येक मुलाला एकेक फ्रेंच पुस्तक द्या. सगळ्यांना एकच नको. कुणाला हॉकी आवडते, कुणाला भुताच्या गोष्टी. वर्गशिक्षकांना हे बरोबर माहीत असतं. पुस्तकं क्वेबेकहून मागवावी लागली तर वेळ जातो, तेव्हा यादी याच आठवड्यात मागून घ्या. मध्येच इमर्शन सोडून इंग्रजी वर्गात गेलेल्या मुलांनाही आमंत्रण पाठवायला विसरू नका. चार-पाच वर्षं तीही याच बाकांवर बसलेली असतात.