कॉल सेंटरमध्ये कस्टमरही नाराज आणि एजंटही टिकत नाहीत, सुरुवात कुठून करायची?

तुम्ही विचारलंय की ट्रेनिंग झालं, इन्सेंटिव्ह देऊन झाला, तरी कस्टमरच्या तक्रारी तशाच आणि मुलं सहा महिन्यांत सोडून जातात, तर नेमकं काय बदलायचं. मी पुण्यात आधी एजंट होते, आता टीएल, म्हणजे टीम लीडर आहे, त्यामुळे स्पष्टच सांगते, आधी माणसं पुरेशी आहेत का ते बघा.

समजा अर्ध्या तासात १०० कॉल येतात, एकेका कॉलला ३ मिनिटं, म्हणजे ३०० मिनिटं, १० जणांचं काम झालं. मॅनेजमेंट म्हणतं ११ बसवा, एक जास्तच दिला की. पण कॉल काही रांगेने येत नाहीत हो, एकदम आठ-दहा येतात मग जरा सामसूम, त्यामुळे ११ जणांवर सरासरी वेटिंग जवळजवळ २ मिनिटं होतं आणि १३ केले की १७ सेकंदांवर येतं. फक्त दोन माणसं वाढवून! हे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगने १९१७ मध्येच मांडून ठेवलंय. आणि दोन मिनिटं तेच ते म्युझिक ऐकून वैतागलेला माणूस आधी कोणावर तुटून पडतो, तर जिने अजून धड नमस्कारही म्हटला नाही त्या पोरीवर.

मग एएचटी, म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ. वेळ भरत आली की टायमर लाल होतो, एजंट घाबरून "चोवीस तासांत होऊन जाईल सर" म्हणून कॉल संपवतो, तोच कस्टमर उद्या दुप्पट चिडून परत लागतो आणि सगळी कहाणी पहिल्यापासून सांगतो. रिपोर्ट मात्र हिरवागार! त्यापेक्षा तोच नंबर सात दिवसांत परत आला का ते मोजा, आणि दोनशे-तीनशे रुपयांचा लेट चार्ज माफ करायचा अधिकार एजंटलाच देऊन टाका, त्यासाठी तीन लोकांची परवानगी कशाला?

शिवीगाळीचं तर लेखी ठरवाच. एकदा वॉर्निंग, मग कॉल कट, आणि क्यूएने, म्हणजे कॉलची क्वालिटी तपासणाऱ्या टीमने, त्याचे मार्क कापायचे नाहीत. ऑटो-आन्सरवर कानात बीप वाजते की पुढचा कॉल सुरू, डोळे पुसायलाही वेळ मिळत नाही, हे मी शेजारच्या खुर्चीवरून कितीदा पाहिलंय. अशा कॉलनंतर पाच मिनिटं द्या, ब्रेकमध्ये न धरता.

आणि याच आठवड्यात दोन तास हेडसेट लावून एजंटच्या बाजूला बसा, लाइव्ह कॉलवर. एका तक्रारीसाठी किती स्क्रीन उघडाव्या लागतात ते बघा, आणि आयटीवाल्यांनाही सोबत बसवा.