रोपांची ऑर्डर देण्याआधी

अगं, तुझा मेसेज वाचला. पावसाळ्यात गावाच्या डोंगरावर पाच हजार रोपं लावायची म्हणतेस, मनापासून बरं वाटलं, पण ऑर्डर अजून देऊ नकोस. आधी डोंगर फिरून बघ, आणि एकटी नको, पाण्याला जाणाऱ्या बायकांना आणि गुराख्यांना सोबत घे, कुठला झरा पूर्वी होळीपर्यंत चालायचा आणि आता कधी आटतो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

सह्याद्रीत घाटमाथ्यावर तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये टँकर येतो, कारण खाली कातळ, वर मातीचा पातळ थर, तो उघडा पडला की पाणी मुरतच नाही, सरळ वाहून जातं. मुरवायचं काम करतो तो पालापाचोळा आणि मुळांनी पोकळ झालेली माती. ती बनायला वर्षं लागतात आणि एक वणवा सगळा पाचोळा खाऊन टाकतो. म्हणून माझ्या मते खरा सीझन जून-जुलै नाहीच, फेब्रुवारी ते मे आहे, जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढायच्या आणि धूर दिसला की गावाने मिळून धावायचं.

धुळे जिल्ह्यातलं बारीपाडा एकदा बघून ये. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी 1990 च्या दशकात कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, नियम मोडला तर दंड, राखण गावाचीच. जवळपास 1100 एकर जंगल राखलं त्यांनी, विहिरींना पाणी आलं. पवारांना 2025 ला पद्मश्री जाहीर झाली.

पण बंदी तू नको ठरवूस, ग्रामसभेला ठरवू दे. ज्याच्या शेळ्या तिथेच चरतात आणि जिची चूल त्याच सरपणावर पेटते त्यांची सोय आधी बघा, नाहीतर रात्रीत कुंपण तुटेल आणि त्यांचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही. जमीन वनखात्याची असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा, म्हणजे जंगल गावाने मिळून वापरायच्या आणि राखायच्या हक्काचा, दावा करता येतो, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला तो हक्क 2009 मध्येच मिळालाय.

तोडलेल्या बुंध्यांना फुटवे येतायत का ते बघ, येत असतील तर निम्मं जंगल जमिनीत आहेच, त्याला फक्त राखायचंय. मोकळ्या जागी जांभूळ, हिरडा, बेहडा, उंबर लावा, बी शेजारच्या देवराईतून गोळा करा. गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ अशी बाहेरची झाडं नको. आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, काहीच लावू नका प्लीज, तिथलं गवत आणि फुलं हीच तिथली खरी वनस्पती.

आणि या मार्चपासूनच दर आठवड्याला झऱ्याखाली एकच बादली धरून ती भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहायला लाग, म्हणजे झरा वाढतोय की आटतोय ते कळेल, शाळेतल्या पोरांना हे काम दे, ती आवडीने करतात.