वहीतले जिने

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ नावाचा गेम तासन्‌तास खेळतो, वर वहीत तसलेच मनोरे आणि जिने काढत बसतो. म्हणतो, असेच गेम बनवणार. इंजिनीअरिंगचं नाव काढलं की वाद होतो. काय करावं?
– एक आई, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : ताई, तो मूळ गेम दहाच टप्प्यांचा आहे, दीड-दोन तासांत संपतो. तरी चिरंजीव तासन्‌तास त्यात असतील, तर ते आता खेळत नाहीत, गेम खोलून बघताहेत. वहीचा उल्लेख तुम्ही तक्रारीच्या सुरात केलाय. मला अख्ख्या पत्रात तीच कामाची वाटली.

२०१४च्या या गेममध्ये पूल तुटलेला असतो. मनोरा फिरवला की तो जोडलेला दिसतो, आणि दिसतो म्हणून राजकन्या खरंच त्यावरून चालत जाते. यातली मेख अशी, की तिथे लांबची वस्तू लहान दिसतच नाही. त्यामुळे एक दगड पुढे आणि दुसरा बराच मागे असला, तरी ठरावीक कोनातून ते एकमेकांना चिकटलेले दिसतात. डोळ्याची ही फसगत पेनरोज या ब्रिटिश शास्त्रज्ञ पितापुत्रांनी १९५८मध्ये न संपणाऱ्या जिन्याच्या चित्रातून मांडली होती. गेमने ती फसगतच नियम म्हणून स्वीकारली. ‘सुपरलिमिनल’ या दुसऱ्या गेममध्ये याच्या उलट. सिंहगडावर लोक चिमटीत सूर्य धरून फोटो काढतात ना? तिथे चिमटीत धरलेली वस्तू लांब नेऊन सोडली, की ती खरोखरच तेवढी प्रचंड होते.

आता वादाचं. ज्या प्रोजेक्शनवर, म्हणजे घन वस्तू सपाट कागदावर दाखवायच्या पद्धतीवर, हे मनोरे उभे आहेत, ते इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगमध्ये शिकवतात. मुलं ते कसंबसं पास होण्यापुरतं करतात, हा भाग वेगळा. म्हणजे तुमचा मार्ग आणि त्याचा मार्ग वाटतात तितके लांब नाहीत. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करूनही गेममध्ये जाता येतं. डिझाइनकडेच जायचं असेल, तर बारावीनंतरच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा आहे. ती साधारण जानेवारीत होते, पण अर्ज आधीच्या ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात, तिथे बरेच जण चुकतात. तिच्यात आकृत्या मनात फिरवून बघण्याचे प्रश्न असतात. त्याची तयारी वहीत चालूच आहे! लाखो रुपये फी घेऊन ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ सांगणाऱ्या गेमिंग क्लासच्या नादी मात्र लागू नका.

नोकऱ्यांचं म्हणाल, तर पुण्यात यूबीसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८पासून आहे, ‘राजी’ हा गेमही पुण्यातल्याच छोट्या चमूने केला. पण तिथे गुणपत्रिकेइतकंच, किंबहुना जास्त, ‘काय बनवलंस, दाखव’ हे विचारतात. ‘पोर्टल’ (२००७) हा गाजलेला गेम विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून आला. तो प्रोजेक्ट बघून व्हॉल्व्ह कंपनीने अख्ख्या चमूलाच कामावर घेतलं.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत त्याला वहीतला एकच जिना गोडो या गेम बनवायच्या, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करायला सांगा. जमला, की घरातल्या आजी-आजोबांना खेळायला द्यायचा. त्याने शेजारी बसायचं, पण चकार शब्द काढायचा नाही; ते कुठे अडले, तेवढं लिहून ठेवायचं. तसं लिहिलेली दोन-तीन पानं झाली, की त्याला घेऊन माझ्याकडे या. आणि हो, वही रद्दीत घालू नका.