नवरा मला मारायचा, मुलीला नाही. कोर्ट त्याला मुलीची भेट देईल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी 4 वर्षांची आहे, तिला घेऊन तुम्ही माहेरी आलात आणि डीव्हीची (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली) केस टाकलीत. आता नवरा म्हणतो, "भांडण तुझ्याशी होतं, पोरीला मी कधी बोट लावलं नाही, मग भेट का नाही?" मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. असं वाक्य वडिलांच्या लेखी म्हणण्यात हमखास असतं आणि बऱ्याचदा ते चालूनही जातं.

ताब्याची फार धास्ती घेऊ नका. हिंदू असाल तर 1956 च्या पालकत्व कायद्याच्या कलम 6 नुसार 5 वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच राहतं. खरी ओढाताण भेटीवरून होते.

डीव्ही कायद्याचं कलम 21 वकिलाकडून नीट समजून घ्या. सुनावणीच्या कुठल्याही टप्प्यावर दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा तुम्हाला देऊ शकतात आणि भेट कशी व्हावी हेही ठरवू शकतात. भेटीने मुलाच्या हिताला बाधा येईल असं त्यांचं मत झालं, तर भेट नाकारावीच लागते. अडतं ते हे मत होण्यापाशी. माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत मारहाणीची चार पानं असतात आणि मुलाबद्दल एक ओळ: "मुलीच्या मनावर वाईट परिणाम झाला." एवढ्यावर काही होत नाही. मारहाण चालू असताना मुलगी कुठे होती? दारात उभी होती की तुमच्या कडेवर? आता बेल वाजली की ती पलंगाखाली जाते का, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली का, बालवाडीतल्या बाईंनी काही सांगितलं का? असेल ते तारखेसह लिहा, डॉक्टरांचा कागद असेल तर जोडा. नसेल ते घालू नका. उलटतपासात एक खोटं निघालं की खऱ्याचीही किंमत जाते.

"बायकोशी वाईट वागला, बाप म्हणून चांगला आहे" या युक्तिवादाला उत्तर म्हणून मी सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा, बंगालमधल्या एका प्रकरणातला निकाल दाखवते. आईचा मृत्यू झाला होता आणि वडिलांवर 498-अ चा, म्हणजे बायकोच्या छळाचा, खटला चालू होता. खालच्या न्यायालयांनी मुलगा वडिलांना दिला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पालकाचं चारित्र्य बघताना हे आरोप विचारात घ्यायलाच हवे होते. न्यायमूर्ती स्वतः त्या मुलाशी चेंबरमध्ये बोलले आणि तो आईकडच्या आजी-आजोबांकडेच राहिला.

तरीही भेट पूर्ण बंद होणं विरळाच. 2020 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलंय की एका पालकाचा संपर्क अगदी टोकाच्या परिस्थितीतच तोडावा. म्हणून अर्जात दोन्ही मागा: भेट नाकारावी, आणि द्यायचीच असेल तर अटींवर. भेट कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळेत. मुलीला आणणार तुमचे वडील किंवा भाऊ, तुम्ही नाही. रात्रीचा मुक्काम नाही. दारू पिऊन आला तर त्या दिवशी भेट नाही. आणि मुलीकडून तुमचा पत्ता, नोकरी, घरी कोण येतं हे काढून घ्यायचं नाही. ही शेवटची अट वकीलही विसरतात. "दोघांच्या सोयीने भेट" असा आदेश मात्र घेऊ नका, दर शनिवारी फोनवर नवं भांडण ठरलेलं.

समुपदेशनात "शेवटी बाप आहे हो तो" हे ऐकावं लागेल. ऐकून घ्या, पण संमतीच्या अटींवर त्याच दिवशी सही करू नका. मुलीला पढवूही नका. पाठ केलेलं वाक्य समुपदेशकाला लगेच कळतं.

आदेश झाला आणि भेटीनंतर मुलगी बिथरली, तर आपल्या मनाने भेट बंद करू नका. परिस्थिती बदलली म्हणून डीव्ही कायद्याच्या कलम 25(2) खाली बदलाचा अर्ज टाका. शिवाय हा ताबा तात्पुरता आहे. नवरा 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली वेगळा अर्ज करू शकतो, तेव्हा आजचे हेच कागद लागतील.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. आणि ताब्याचा आदेश हातात आला की त्याची एक प्रत शाळेत देऊन पोच घ्या.