दुरुस्ती आणि बाग एकाच हिवाळ्यात : माल कोठे कालवला जातो ते आधी पाहा

दिवाळीनंतर गच्चीची गळती, मागच्या भिंतीचा गिलावा, रंगकाम आणि परसात गुलाबांची नवी लागवड हे सगळे फेब्रुवारीच्या आत उरकायचे आहे, पण सुरुवात कोठून करावी ते कळत नाही, असे आपण लिहिले आहे. ते वाचून मला 2019 चा आमचा हिवाळा आठवला. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी घरात शिरून गेले होते, भिंतींना लोणा (ओलीमुळे येणारा क्षारांचा पांढरा थर) लागला होता आणि मीही आपल्यासारखीच सगळी कामे एकदम काढली होती.

कामांचा क्रम आपल्याला ठाऊक असेलच. वरून खाली यायचे आणि झाडे शेवटी जमिनीत लावायची. मला लिहायचे आहे ते ज्या एका चुकीने माझे जुने गुलाब गेले, तिच्याविषयी.

गवंड्यांनी माल, म्हणजे सिमेंट-वाळूचे मिश्रण, कालवायला जागा विचारली तेव्हा घाईत मी परसातला रिकामा वाफा दाखवला. शेजारीच ऑक्टोबरमध्ये छाटलेल्या गुलाबांची रांग होती आणि त्यांना तांबूस, लुसलुशीत फुटवे आले होते. रोज संध्याकाळी घमेली, थाप्या आणि फावडी तेथेच धुतली जात, आणि ते राखाडी पाणी उताराने थेट गुलाबांच्या आळ्यांत उतरे. मला ते दिसत होते, तरी मी थांबवले नाही. डिसेंबरच्या मध्यापासून नवी पाने पिवळी पडू लागली, शिरा मात्र हिरव्याच राहिल्या. मी शेणखत घातले, पाणी वाढवले, कोणी सांगितले म्हणून कीटकनाशकही फवारले. कशाचाही उपयोग झाला नाही, कारण सिमेंटच्या पाण्यातील चुन्याने माती अल्कधर्मी झाली होती आणि अशा मातीत लोह असले तरी मुळांना ते घेता येत नाही. जानेवारीत कुदळ मारली तेव्हा चार बोटांखाली टणक पांढुरका थर लागला. फूटभर माती काढून नवी भरली, पण 9 पैकी 2 झाडेच वाचली.

गवंड्यांना मी दोष देत नाही, जागा मीच दाखवली होती. म्हणून आग्रहाने सांगते, की माल लोखंडी पत्र्यावरच कालवायला लावा आणि हत्यारे धुण्यासाठी बागेपासून दूर एक पिंप ठेवा. पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगा, कारण काम सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही. गिलाव्याला निदान 7 दिवस पाणी मारावे लागते आणि तेही भिंतीच्या पायथ्याशीच मुरते, तेव्हा भिंतीलगतची दोन-तीन फूट जागा या हंगामात मोकळीच राहू द्या. परांचीलाही तेवढी जागा लागतेच.

रंगाबाबत माझे मत अनेक पेंटरांना पटणार नाही, पण नव्या गिलाव्यावर 28 दिवसांच्या आत रंग देऊ नये. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून थेंब दिसले तर ओल अजून आहे. आपल्याकडे या दिवसांत पहाटे दहिवर पडते, म्हणून बाहेरच्या रंगाचा हात भिंत उन्हाने सुकल्यावरच मारून घ्यावा.

तोवर गुलाबांची कलमे कुंड्यांतच ठेवा आणि मेथी-कोथिंबीर क्रेटमध्ये पेरा. मी कृषितज्ज्ञ नाही आणि आमची माती काळी आहे. आपली तांबडी असेल तर पाण्याचा हिशोब बदलेल. कोल्हापूर जिल्ह्यात हिवाळ्यात ऊसतोड चालू असल्याने आच्छादनासाठी पाचट सहज मिळेल, ते जरूर आणा, मात्र भिंतीला टेकवून रचू नका, त्याने वाळवी घरात शिरते.